प्रक्षेपणाचा दिवस आणि गावाचा दिवस : धानोऱ्याच्या अंगणातून दूरचित्रवाणीचा एक कालखंड

१

इतिहासाच्या अभ्यासकास 'दिवस' हे कालमान अपरिचित नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून निवडलेले उतारे ज्यांनी चाळले असतील, त्यांना ठाऊकच आहे की दिवसाची नोंद म्हणजे त्या दिवशी घडले ते सर्व नव्हे. नोंद करणाऱ्या कारकुनास आणि त्याच्या धन्यास जे नोंदण्याजोगे वाटले, तेवढेच तीत उतरलेले असते. रोजकीर्दीत खर्च सापडतो. त्या खर्चामागचा उपास सापडत नाही. म्हणून कागद वाचताना कागद कोणी लिहिला, कोणत्या जागी बसून लिहिला आणि कोणासाठी लिहिला, हे प्रश्न आधी विचारावयाचे, असा आपल्याकडील संशोधनाचा जुना दंडक आहे.

दूरचित्रवाणीची दैनिक कार्यक्रमपत्रिका ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अशीच एक रोजकीर्द होय. अमुक वाजता बालकांसाठी, अमुक वाजता शेतकऱ्यांसाठी, त्यानंतर बातम्या, त्यानंतर करमणूक, अशी तिची मांडणी असते. वृत्तपत्रांतून ती नित्य छापली जात असल्यामुळे ती उपलब्धही आहे. मात्र ती वाचताना एक गफलत सहज होते. पत्रिकेत जो दिवस दिसतो तो साऱ्या प्रदेशाने तसाच पाहिला, असे आपण गृहीत धरतो. 'त्या काळी सारा महाराष्ट्र सायंकाळी दूरदर्शनसमोर बसत असे' अशी वाक्ये आठवणीपर लेखनात वारंवार आढळतात. या वाक्यांतील 'सारा महाराष्ट्र' कोणता, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मुंबईत बसून शोधण्याऐवजी नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा या गावाच्या अंगणात उभे राहून शोधावे, असे योजिले आहे. धानोऱ्याची निवड तेथे काही असामान्य घडले म्हणून केलेली नाही. राज्याच्या सीमेलगतच्या जिल्ह्यातील एक गाव, यापलीकडे या विषयात त्याला कोणतेही विशेष स्थान नाही. आणि विशेष स्थान नसणे हीच येथे त्याची योग्यता आहे. मध्यवर्ती स्थळावरून पाहिले असता जे सलग दिसते, ते कडेवरून पाहिले असता कोठे तुटलेले आहे हे कळते.

२

प्रथम स्थलाचा विचार करू. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीचा धुळे जिल्हा म्हणजे पूर्वीचा पश्चिम खानदेश. तापी या प्रदेशाच्या मधून वाहते, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांपलीकडे नर्मदा आहे. गुजरात व मध्यप्रदेश ही दोन राज्ये त्यास लागून आहेत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निर्माण झाली, तेव्हा नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदे या तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली. म्हणजे भाषावार प्रांतरचनेची रेषा प्रत्यक्ष याच मुलखातून ओढली गेली. परंतु भाषा अशा रेषेने विभागल्या जात नाहीत. येथे भिलीची विविध रूपे बोलली जातात. मावची, पावरी, कोकणी, अहिराणी, गुजरी यांचाही वापर आहे. बाजारात गुजराती कळते, कचेरीत मराठी लागते आणि रेल्वेच्या फलाटावर हिंदी चालते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते.

हा तपशील केवळ पार्श्वभूमी म्हणून दिलेला नाही. दूरचित्रवाणीचा दिवस कोणत्या भाषेत उजाडतो आणि कोणत्या भाषेत मावळतो, यावरच तो दिवस कोणाचा हे ठरते.

३

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. आरंभी प्रक्षेपण आठवड्यातून दोनच दिवस आणि तेही अल्पकाळ होई. दैनंदिन सेवा १९६५ मध्ये सुरू झाली. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांसाठी 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम निघाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ते देशातील दुसरे केंद्र होय. मराठीतील दूरचित्रवाणीच्या दिवसाचा जन्म त्या तारखेस झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या दिवसाचे स्वरूप आज पाहता अत्यंत आटोपशीर वाटते. प्रक्षेपण मुख्यतः सायंकाळचे. पडद्यावर कृष्णधवल चित्र. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', कामगारांसाठी 'कामगार विश्व', गृहिणींसाठी 'सुंदर माझं घर', मुलांसाठी 'किलबिल', समाजशिक्षणासाठी 'ज्ञानदीप', साहित्य व कलांसाठी 'प्रतिभा आणि प्रतिमा', विनोदी नाट्यप्रवेशांसाठी 'गजरा', आणि पुढील आठवड्याच्या कार्यक्रमांची ओळख करून देणारी 'साप्ताहिकी'. शनिवारी मराठी चित्रपट व रविवारी हिंदी चित्रपट असा परिपाठ पुढे रूढ झाला. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांच्यासारखी माणसे पडद्यावरून मराठीत बोलताना घराघरांत दिसू लागली. मुंबईच्या बहुभाषिक वस्तीस अनुसरून हिंदी, गुजराती व इंग्रजी कार्यक्रमांनाही पत्रिकेत जागा होती.

या नामावलीकडे नीट पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. शेतकरी, कामगार, गृहिणी, बालक, युवक अशी समाजाची वर्गवारी करून प्रत्येकास दिवसातील एक घटका नेमून दिलेली आहे. नभोवाणीने रुळविलेलीच ही पद्धत होती. दूरचित्रवाणी ही करमणुकीची पेढी नसून लोकशिक्षणाची संस्था आहे, ही त्यामागील धारणा. आणि ती धारणा प्रामाणिक होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु हा दिवस पोहोचत होता कोठवर? वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी प्रकाशकिरणांप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडे त्या पोहोचत नाहीत. या उंचीच्या मनोऱ्याचे क्षितिज सपाट प्रदेशात सुमारे ७० किलोमीटरांवर येते. पाहणाऱ्याने आपली अँटेना उंच लावली तर त्यात थोडी भर पडते. पूर्वेस तर सह्याद्रीची भिंतच उभी आहे. पुण्यास मुंबईचा कार्यक्रम दाखविण्यासाठी १९७३ मध्ये सिंहगडावर पुनःप्रक्षेपण केंद्र उभारावे लागले ते याच कारणास्तव. मुंबईहून नंदुरबार सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. म्हणजे 'आमची माती आमची माणसं' हे शीर्षक ज्या सायंकाळी प्रथम पडद्यावर झळकले, त्या सायंकाळी तापीकाठची माती आणि तेथील माणसे त्या क्षितिजाच्या बाहेर होती.

येथे एक विसंगती उघड होते. शेतकऱ्यांचा कार्यक्रम ज्या टापूत दिसू शकत होता, त्यात शेतकऱ्यांच्या मानाने कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्यांची वस्तीच दाट होती. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्यांतील बहुसंख्य तो पाहू शकत नव्हते, आणि जे पाहू शकत होते त्यांतील बहुसंख्यांना बियाण्यांची वा कीटकनाशकांची गरज नव्हती. कार्यक्रमपत्रिका मात्र 'शेतकऱ्यांसाठी' अशीच नोंद करते. केवळ पत्रिकेवर विसंबून लिहिलेला इतिहास येथे किती चुकू शकेल, हे निराळे सांगावयास नको.

४

लहरींना क्षितिजापलीकडे नेण्याचा उपाय आकाशात होता. डॉ. विक्रम साराभाई यांनी उपग्रहाच्या साहाय्याने थेट खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी नेण्याची कल्पना हिरीरीने मांडली. १९६९ मध्ये भारत व अमेरिका यांच्या अणुऊर्जा व अवकाशविषयक संस्थांत तसा करार झाला. साराभाईंचे १९७१ मध्ये निधन झाले, तरी योजना पुढे चालली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग पार पडला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी आफ्रिकेच्या पूर्व भागाच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवला होता. सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक जागी संच बसविण्यात आले. प्रत्येक संचासोबत तारेच्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची थाळीसारखी अँटेना असे.

त्या प्रयोगातील दिवस चार तासांचा होता. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी. सायंकाळी अडीच तास प्रौढांसाठी, आणि त्यात अर्धा तास सर्वांना सामायिक असा हिंदी कार्यक्रम. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, लोककला हे विषय. भाषा चार : हिंदी, तेलुगू, कन्नड व उडिया. आंध्रप्रदेश व कर्नाटक यांसाठी चित्र एकच पाठवून त्यासोबत दोन वेगळे ध्वनी पाठविण्याची युक्ती योजली होती. एकच चित्र, परंतु गावागणिक निराळी भाषा, ही कल्पना भाषिक सीमेवरील प्रदेशांस किती उपयुक्त ठरली असती, याचा विचार नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात अवश्य मनात येतो.

तथापि त्या चार भाषांत मराठी नव्हती. आंध्रप्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्यप्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील खेड्यांचीच निवड झाली होती. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथील एक किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून स्वतंत्र प्रयोग चालू होता आणि त्याने स्थानिक भाषेतील स्थानिक कार्यक्रमांचा उत्तम वस्तुपाठ घालून दिला. पण त्याचा पल्ला त्या जिल्ह्यापुरता होता. महाराष्ट्राकडे मुंबईचे केंद्र होतेच. राज्याच्या नावापुढे 'दूरचित्रवाणी आहे' अशी खूण झालेली असल्यामुळे राज्याच्या कडेची गावे मागास टापूंच्या यादीत येण्याचा प्रश्न उरला नाही. राज्य ही मोजणीची एकके घेतली की असे होते : मुंबईची समृद्धी सातपुड्याच्या खात्यावर जमा धरली जाते.

यातील विलक्षण गोष्ट अशी की उपग्रहाचा झोत देशाच्या फार मोठ्या भागावर पडत होता. ३६,००० किलोमीटर उंचीवरून येणारी लहर पश्चिम खानदेशावरूनही जात होती. १९७२ साली लहर नव्हती म्हणून चित्र नव्हते. १९७५ साली लहर डोक्यावर होती, पण ती धरणारी थाळी आणि तीत आपली भाषा नव्हती. अभावाचे हे दोन प्रकार भिन्न आहेत. पहिल्याचे कारण भूगोल, दुसऱ्याचे कारण यादी. इतिहासकाराने या दोहोंची गल्लत करू नये.

५

१९८२ नंतर चित्र झपाट्याने पालटले. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रमाचे व रंगीत प्रक्षेपणाचे पर्व सुरू झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. इन्सॅट-१ए हा उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला, परंतु ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात सोडलेल्या इन्सॅट-१बीने ती उणीव भरून काढली. १९८४ मध्ये तर काही महिने सरासरीने दररोज एक याप्रमाणे देशात नवी प्रक्षेपण केंद्रे उघडण्यात आली. यांतील पुष्कळशी केंद्रे अल्पशक्तीची होती. आकाशातून येणारा कार्यक्रम थाळीने धरावयाचा आणि भोवतालच्या दहा-पंधरा मैलांत पसरवावयाचा, एवढेच त्यांचे काम. तेथे स्टुडिओ नव्हता, निवेदक नव्हता, स्थानिक कार्यक्रमही नव्हता.

या केंद्रांवरून दिसे काय, याचे उत्तर तांत्रिक मांडणीत दडलेले आहे. जेथे मुंबईशी सूक्ष्मलहरींचा दुवा जोडलेला नव्हता, तेथे आकाशातून येणारा दिल्लीचा कार्यक्रमच पुढे पाठविला जाई. त्यामुळे राज्याच्या राजधानीपासून दूर असलेल्या टापूंत एक उफराटा क्रम घडून आला. त्यांच्याकडे दूरचित्रवाणी आली ती हिंदी व इंग्रजी घेऊन आली. मराठी मागाहून आली. मुंबईकराच्या आठवणीत जो क्रम आहे — आधी 'गजरा', 'चिमणराव', मग 'हमलोग' — तो कडेच्या गावाचा क्रम नव्हे. तेथे 'हमलोग' ही पहिली ओळख असू शकते. ७ जुलै १९८४ पासून दीड वर्ष चाललेल्या त्या मालिकेचा नमुना मेक्सिकोतील लोकशिक्षणपर मालिकांवरून घेतला होता. मेक्सिकोची कल्पना दिल्लीमार्गे ज्या वाटेने खेड्यांपर्यंत आली, त्या वाटेवर मुंबई लागतच नव्हती.

दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी डॉ. पू. चं. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाने आपल्या अहवालात दिल्लीकेंद्री दृष्टीवर नेमके बोट ठेवले होते आणि प्रादेशिक व स्थानिक निर्मितीचा आग्रह धरला होता. इन्सॅटच्या योजनेत महाराष्ट्राचाही समावेश झाला. त्यासाठी निवडलेला टापू मात्र नागपूरच्या बाजूचा, विदर्भातील होता. सातपुड्याच्या पश्चिम टोकाच्या वाट्यास तेही आले नाही.

शिक्षणाच्या बाबतीत अधिक चांगला प्रयत्न झाला. १९८४ मध्ये पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली आणि प्राथमिक शाळेतील मुलांसाठी मराठीत कार्यक्रम तयार होऊ लागले. ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तिच्या कार्याविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. घरी भिली, मावची वा पावरी बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठी ही शाळेत प्रथम भेटणारी भाषा असते. पडद्यावरील प्रमाण मराठी त्याच्या दृष्टीने मातृभाषेचा दिलासा नसून आणखी एक धडाच होय. दिल्लीच्या हिंदीविरुद्ध मराठीची कैफियत मांडताना, मराठीविरुद्धही अशीच एक कैफियत मांडली जाऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

६

आता एक प्रत्यक्ष दिवस घेऊ. रविवार, ३१ जुलै १९८८. त्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेचा, २५ जानेवारी १९८७ पासून चाललेल्या ७८ भागांचा, समारोप झाला. भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासात सर्वांत अधिक लिहिला गेलेला हा कालखंड आहे. रविवारी सकाळी शहरांतील रस्ते ओस पडत, संचांस हार घातले जात, उदबत्ती लावली जाई, हे सर्वश्रुत आहे. मालिका वाढवावी यासाठी उत्तरेत सफाई कामगारांनी संप केला आणि पुढे उत्तरकांडावरील भाग काढण्यात आले, हेही नमूद आहे. पत्रिकेच्या दृष्टीने त्या दिवसाचा गाभा सकाळच्या त्या घटकेत होता. सायंकाळी हिंदी चित्रपट आणि रात्री राष्ट्रीय कार्यक्रमात हिंदी व इंग्रजी बातम्या हे त्याचे पुढले टप्पे.

हाच दिवस गावाच्या बाजूने वाचू. आषाढाचा वद्य पक्ष. खरिपाची पेरणी आटोपलेली. ज्वारी, कापूस, मिरची यांच्या शेतांत निंदणी-कोळपणीचे दिवस. पावसाने उघडीप दिली तर हातचे काम सोडून घरी थांबणे परवडत नाही. साडेनऊ ही नोकरदाराच्या सुटीच्या दिवसातील निवांत घटका आहे. रोजाने निंदणीस जाणाऱ्या बाईच्या दिवसात तोवर कामाची पहिली ओळ पुरी झालेली असते. 'रविवार' हा मुळात कचेरीचा व शाळेचा सण. गावाचा आठवडा आठवडी बाजाराच्या वाराने मोजला जातो. राष्ट्रास एका वेळी एकत्र बसविणारी ती घटका शेतमजुराच्या घड्याळात कोठे बसत होती, हा प्रश्न विचारला की 'सारा देश पाहत होता' या विधानातील 'सारा' शब्द आक्रसू लागतो.

म्हणून गावात ती मालिका पाहिली जात नसे असा अर्थ काढणे मात्र दुसऱ्या टोकाची चूक होईल. खेड्यातील संच थोडे असत आणि म्हणूनच ते सार्वजनिक होत. ज्याच्या घरी संच त्याच्या ओटीवर, अंगणात, खिडकीबाहेर माणसे जमत. बांबूस बांधलेली अँटेना फिरविणारा एक पोरगा छपरावर आणि 'आलं, आलं' म्हणणारे बाकीचे खाली, हे दृश्य त्या पिढीतील ग्रामीण वाचकांस सांगावे लागणार नाही. पावसाळ्यात वीज गेली की तो भाग गेला. जे कोणी दुसऱ्या गावी पाहून आले असेल त्याच्या तोंडून तो ऐकावयाचा. पडद्यावरील संस्कृतप्रचुर हिंदी ज्यास कळे तो न कळणाऱ्यास आपल्या बोलीत सांगे. म्हणजे दिल्लीहून निघालेला कार्यक्रम अंगणात पोहोचेपर्यंत त्याचे निरूपण झालेले असे. एटीएस-६ ने जे दोन ध्वनींच्या यंत्रणेने साधले, ते येथे शेजाऱ्याच्या मुखाने साधले जात होते. या निरूपणाची नोंद कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नाही. आणि गावाच्या दृष्टीने प्रेक्षणाचा मुख्य भाग तोच होता.

शिवाय रामकथा या मुलखास नवी नव्हती. भिल्ल समाजात रामसीतेच्या कथेची स्वतःची मौखिक रूपे आहेत. उत्तर गुजरातेतील डुंगरी भिल्लांची अशी कथा भगवानदास पटेल यांनी संकलित करून प्रसिद्ध केली आहे. त्या कथांतील पात्रे, प्रसंग आणि मूल्ये वाल्मीकी वा तुलसीदास यांच्याहून पुष्कळ ठिकाणी निराळी आहेत. पडद्यावर एकच रामायण आले आणि ते साऱ्या देशास एकाच रूपात दिसले, तेव्हा या अन्य रूपांचे काय झाले, हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न नाही. सातपुड्यातील काठी येथील होळी रात्रभर चालते. ढोल वाजू लागला की तो पहाटेपर्यंत थांबत नाही. ज्या संस्कृतीत कथा व नृत्य यांस रात्र पुरत नाही, तिच्या हाती अर्ध्या-पाऊण तासाची घटका आली. कालमानाचा हा बदल कार्यक्रमाच्या आशयाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा मानावयास हवा.

७

यानंतरचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. १९९४ मध्ये मराठीची उपग्रहवाहिनी सुरू झाली आणि २००० मध्ये तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. मुंबईचा मराठी दिवस आकाशमार्गे साऱ्या राज्यावर उतरू लागला, तोवर खासगी वाहिन्याही आलेल्या होत्या. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची थेट घरपोच उपग्रहसेवा सुरू झाली, आणि अंतराचा प्रश्न तत्त्वतः संपला. जमिनीवरील जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपणे २०२१ च्या सुमारास बंद झाली. ज्या अल्पशक्तीच्या केंद्रांनी कडेच्या गावांस प्रथम चित्र दाखविले, ती आता इतिहासजमा आहेत. त्यांच्यासोबत 'अमुक वाजता अमुक' असा सर्वांचा मिळून असलेला दिवसही गेला. प्रत्येकाच्या हातातील यंत्रावर ज्याचा त्याचा दिवस चालतो.

साधनांच्या दृष्टीने हा क्षण नाजूक आहे. आरंभीच्या काळातील ध्वनिचित्रफिती महाग असत. एकदा दाखविलेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करण्याची रीत होती. त्यामुळे पुष्कळ कार्यक्रमांचे नाव उरले आहे, रूप उरलेले नाही. पत्रिका उरली आहे, ती प्रक्षेपकाची बाजू सांगते. 'साइट'च्या वेळी संशोधक खेड्यांत राहून प्रेक्षकांची निरीक्षणे टिपीत होते, त्यामुळे त्या सहा राज्यांतील काही खेड्यांची बाजू कागदावर आली. महाराष्ट्रातील खेडी त्या यादीत नसल्याने ती या नोंदीसही मुकली. यादीतून वगळले जाण्याची किंमत अशी दोनदा द्यावी लागते : एकदा त्या काळात, आणि पुन्हा इतिहासात.

तेव्हा गावाची बाजू सांगणारे साधन एकच राहते. ते म्हणजे माणसांची स्मृती. १९८८ मध्ये ऐन विशीत असलेली माणसे आज वार्धक्याच्या उंबरठ्यावर आहेत. १९७५ मध्ये जी कर्ती होती त्यांतील फार थोडी हयात असतील. विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी याविषयी टिपणे करावयाचे ठरविल्यास काही प्रश्न त्यांनी आवर्जून विचारावेत. गावात पहिला संच कोणाच्या घरी आला, आणि त्या अंगणात कोणास बसता येत होते, कोणास येत नव्हते? स्त्रिया कोठे बसत? न कळणारी भाषा कोण सांगे आणि कोणत्या बोलीत? कोणत्या कामामुळे कोणता कार्यक्रम चुके? चित्र दिसू लागल्यावर कथा सांगणाऱ्या वृद्धांकडे जाणे कमी झाले काय? उत्तरे त्या त्या बोलीतच टिपून घ्यावीत; प्रमाण मराठीत रूपांतर मागाहून करता येते. टिपताना 'लोकांवर दूरदर्शनचा परिणाम काय झाला' हा ठोकळेबाज प्रश्न शक्यतो टाळावा. गावाने दूरदर्शनचे काय केले, हा त्याहून फलदायी प्रश्न आहे.

८

सारांश असा. दूरचित्रवाणीचा दिवस ही वस्तू एक नसून तीन आहेत : प्रक्षेपकाने आखलेला दिवस, लहरींनी पोहोचविलेला दिवस आणि माणसांनी जगलेला दिवस. पहिल्याचे साधन पत्रिका, दुसऱ्याचे साधन भूगोल व तंत्र, तिसऱ्याचे साधन स्मृती. मुंबईत हे तिन्ही दिवस एकमेकांवर इतके नेमके बसतात की त्यांतील भेद दिसतच नाही. धानोऱ्याच्या अंगणातून पाहिले असता मात्र १९७२ मध्ये पहिला दिवस आहे पण दुसरा नाही. १९७५ मध्ये दुसरा माथ्यावरून जातो पण पहिल्यात जागा नाही. आणि १९८८ मध्ये पहिले दोन्ही जुळले तरी तिसरा आपल्या चालीने, शेताच्या व पावसाच्या घड्याळाने चालतो.

'सारा महाराष्ट्र पाहत होता' हे वाक्य त्यामुळे चुकीचे ठरते, एवढेच सांगून भागणार नाही. ते वाक्य लिहिले गेले की कडेच्या गावांचे न पाहणे, उशिरा पाहणे, परक्या भाषेत पाहणे आणि शेजाऱ्याच्या तोंडून पाहणे या चारही गोष्टी इतिहासातून पुसल्या जातात, जशा त्या काळी ध्वनिचित्रफिती पुसल्या गेल्या. फिती परत मिळणाऱ्या नाहीत. माणसे अद्याप आहेत. त्यांच्याकडे जाण्यास विलंब होऊ नये.